एका जन्मातील चार रूपे

मृगाच्या पहिल्या सरी कोसळून गेल्या, की परसातल्या कागदी लिंबाच्या झाडाला कोवळी, पोपटी पालवी फुटते. थोड्याच दिवसांत त्या पालवीभोवती एक काळे-पिवळे फुलपाखरू घिरट्या घालताना दिसू लागते. झाडावर फूल नाही, फुलात मध नाही. मग हे पाखरू तेथे कशासाठी आले? नीट निरखून पाहणाऱ्याच्या लक्षात येते, की ते मध प्यायला आलेलेच नाही. ते आई म्हणून आले आहे. ते एका कोवळ्या पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पान चाचपून पाहते. फुलपाखराला पायांनीही चव कळते! पान आपल्याला हवे तेच आहे अशी खात्री पटली, की ते पोटाचे टोक वाकवते, पानावर एकच अंडे चिकटवते आणि दुसऱ्या पानाकडे उडून जाते.

ह्या फुलपाखराला लिंबाळी असे म्हणतात. लिंबू, संत्रे, मोसंबी, बेल, कढीलिंब अशा एकाच कुळातील झाडांवर ते अंडी घालते. त्याला स्वतःला ती पाने खाता येत नाहीत, कारण त्याला पाने चावण्याजोगे जबडेच नसतात. त्याच्याजवळ असते ती फक्त मध शोषून घेण्याची सोंड. परंतु त्याच्या पिलांना मात्र ह्याच पानांवाचून जगता येत नाही. दुसऱ्या कुळातील झाडावर अंडे घातले गेले, तर त्यातून बाहेर पडणारे पिलू उपाशी मरेल. म्हणूनच आईचा एवढा सगळा खटाटोप.

अंडे पिवळसर, वाटोळे आणि मोहरीएवढे असते. तीन-चार दिवसांत ते फुटते आणि त्यातून बाहेर येते ती एक चिमुकली अळी. तिला पंख नाहीत, सोंड नाही, रंगांची शोभा नाही. आईशी तिचे काडीचेही साम्य नसते. ती काळपट असून तिच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. त्यामुळे पाहणाऱ्याला पानावर पाखराची शीट पडली आहे असाच भास होतो. हीच तिची ढाल! भुकेला पक्षी समोरून निघून जातो, पण शीट म्हणून तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

अळीला ठाऊक असलेले काम एकच, आणि ते म्हणजे खाणे. अंड्यातून निघाल्यावर पुष्कळदा ती प्रथम अंड्याचे कवचच खाऊन टाकते आणि मग पानाकडे वळते. दिवसभर, रात्रभर ती कुरतडत राहते. अंग वाढते, परंतु कातडी वाढत नाही. लहानपणी शिवलेला सदरा मोठेपणी अंगात शिरत नाही, तशीच तिची अवस्था होते. मग ती जुनी कात टाकते. आतून नवी, सैल कातडी तयार झालेली असते. असे चार वेळा घडते. चौथी कात टाकल्यानंतर मात्र तिचा वेष पालटतो. आता ती एवढी मोठी झालेली असते, की शीट म्हणून कोणी फसणार नाही. म्हणून ती पानासारखी हिरवीगार होते. ह्या वेळी तिला कोणी डिवचलेच, तर डोक्याच्या मागून ती दोन टोकांचे तांबूस शिंग एकदम बाहेर काढते आणि उग्र दर्प सोडते. मुंगळ्यांसारखे शत्रू त्या दर्पाने मागे सरतात.

एके दिवशी मात्र ही खादाड अळी एकाएकी खाणे सोडते. ती अस्वस्थपणे फिरू लागते आणि एखादी सोयीची काडी शोधते. त्या काडीवर ती रेशमाची लहानशी गादी विणते आणि तिच्यात शेपटीचे टोक रोवते. मग रेशमाच्याच एका धाग्याचा पट्टा स्वतःच्या कमरेभोवती घेते. झाडावर चढणारा माडकरी कमरेला दोर बांधून मागे रेलतो ना, अगदी तशीच ती त्या पट्ट्यावर रेलून बसते. मग शेवटची कात गळून पडते आणि काडीला चिकटलेला एक निश्चल कोश तेवढा उरतो. भोवताली हिरवी पाने असतील तर तो बहुधा हिरवा असतो. वाळकी काडी असेल तर बहुधा तपकिरी.

कोश खात नाही, पीत नाही, चालत नाही. ‘अळी झोपली’ असे लोक म्हणतात. पण ही झोप नव्हे. जुने घर पाडून त्याच जागी, त्याच दगडविटांतून नवे घर उभारावे, तसे काम कोशाच्या आत रात्रंदिवस चाललेले असते. अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून जातो. पाने कुरतडणारे जबडे नाहीसे होतात. आखूड, गुबगुबीत पाय नाहीसे होतात. मग पंख, लांब पाय, मिशा आणि मोठे डोळे येतात तरी कोठून? त्यांचे बीज अळीच्या शरीरात लहानपणापासूनच दडलेले असते. पेशींचे हे लहान लहान पुंजके अळी पाने खात असताना जणू आपल्या पाळीची वाट पाहत असतात. कोशावस्थेत त्यांना अवसर मिळतो आणि विरघळलेल्या जुन्या शरीराचे द्रव्य वापरून ते झपाट्याने वाढतात. सतराव्या शतकात यान स्वामरडाम नावाच्या डच शास्त्रज्ञाने पूर्ण वाढलेल्या अळीची कातडी हलक्या हाताने सोलून तिच्याखाली घडी घातलेले पंख दाखवून दिले, तेव्हा पाहणारे थक्क झाले होते.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. शरीराची एवढी उलथापालथ झाल्यावर फुलपाखराला आपल्या अळीपणाची काही आठवण राहत असेल काय? हा प्रश्न पोरकट नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तो पडला होता. अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठातील संशोधकांनी तंबाखूच्या झाडावर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्या घेतल्या. त्यांना एक विशिष्ट वास दिला आणि त्याच वेळी विजेचा सौम्य झटका दिला. अळ्या तो वास टाळायला शिकल्या. पुढे त्यांचे कोश झाले, कोशांतून पतंग निघाले. ज्या अळ्या कोश होण्यापूर्वीच्या शेवटच्या टप्प्यात हा धडा शिकल्या होत्या, त्यांचे पतंगही त्या वासापासून दूर राहिले! हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. घर नवे झाले, तरी घरातील एखादी जुनी गोष्ट जपून ठेवली गेली होती.

आठ-दहा दिवसांनी लिंबाळीचा कोश काळपट दिसू लागतो. पातळ आवरणातून पंखांवरील नक्षी दिसते. मग एखाद्या सकाळी कोश वरच्या बाजूने उकलतो आणि फुलपाखरू बाहेर येते. परंतु पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. कारण ते ओले, फुगीर पोटाचे आणि चुरगळलेल्या पंखांचे असते. ते काडीला धरून लोंबकळत राहते. पोटातील द्रव ते पंखांच्या शिरांमध्ये दाबून भरते, तसतसे पंख उलगडत जातात. सोंडसुद्धा आरंभी दोन भागांत असते. ते दोन भाग जुळवून फुलपाखरू तिची नळी बनवते. पंख पुरते उलगडून वाळेपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. ओले पंख एकदा मुडपले गेले, की ते तसेच वाळतात आणि मग ते पाखरू जन्मभर उडू शकत नाही. कोणी आड आले नाही, तर दोन-तीन तासांत ते हवेवर स्वार होते. अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू ही एकाच जन्मातील चार रूपे. ह्या सर्व प्रवासाला सुमारे एक महिना लागतो.

निसर्गाने हा एवढा मोठा खटाटोप कशासाठी केला असेल? उत्तर विचार करण्याजोगे आहे. अळी पाने खाते; फुलपाखरू मध पिते. त्यामुळे आईबाप आणि मुले एकाच ताटातील घासासाठी भांडत नाहीत. शिवाय कामांचीही वाटणी होते. अळीने खावे आणि वाढावे. फुलपाखराने दूरवर उडावे, जोडीदार शोधावा आणि अंडी घालावीत. ही योजना इतकी यशस्वी ठरली आहे, की आज ज्ञात असलेल्या कीटकांच्या जातींपैकी बहुतेक जाती हीच वाट चालतात. मधमाशी, मुंगी, माशी, भुंगा आणि पतंग ह्या सर्वांच्या जीवनात ही चार रूपे असतात. ह्याला पूर्ण रूपांतर म्हणतात. नाकतोडा आणि झुरळ ह्यांची गोष्ट निराळी. त्यांची पिले बहुतांशी आईबापांसारखीच दिसतात. त्यांना केवळ पंख नसतात. कात टाकता टाकता ती मोठी होतात, पंख फुटतात. मध्ये कोश नसतो. ह्याला अपूर्ण रूपांतर म्हणतात.

आज हे सर्व आपल्याला सोपे वाटते. परंतु माणसाला हे उमगण्यास फार काळ लागला. चिखलातून, कुजलेल्या मांसातून किंवा सडक्या पानांतून किडे आपोआप उत्पन्न होतात, अशी युरोपात शेकडो वर्षे समजूत होती. इटलीतील फ्रान्सिस्को रेडी ह्याने १६६८ साली ह्या समजुतीची परीक्षा घेतली. त्याने काही भांड्यांत मांस ठेवून ती उघडी ठेवली आणि काही भांड्यांची तोंडे विरळ कापडाने झाकली. उघड्या भांड्यांतील मांसावर माश्या बसल्या आणि त्यात अळ्या झाल्या. झाकलेल्या मांसात एकही अळी झाली नाही. अळ्या मांसापासून नव्हे, तर माशीच्या अंड्यांपासून होतात, हे त्याने साध्या प्रयोगाने दाखवून दिले.

त्याच काळात जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी एक मुलगी आपल्या घरात रेशमाचे किडे पाळत होती. तिचे नाव मारिया सिबिला मेरियन. तिचा जन्म १६४७ सालचा. १६६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने रेशमाच्या किड्यांचे निरीक्षण करण्यास आरंभ केला. तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते. सावत्र वडील चित्रकार होते आणि त्यांच्या हाताखाली ती चित्रकला शिकली होती. किड्यांकडे तिरस्काराने पाहण्याच्या त्या काळात ही मुलगी अळ्या गोळा करून आणी, त्या कोणती पाने खातात ते पाही, त्यांचे कोश केव्हा झाले आणि त्यांतून काय निघाले ह्याची टिपणे ठेवी आणि प्रत्येक अवस्थेचे चित्र काढी. १६७९ साली तिने सुरवंटांवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक चित्रात अळी, कोश आणि पाखरू ही रूपे त्या अळीच्या खाद्य वनस्पतीसह एकत्र दाखविली होती. पुढे १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपल्या धाकट्या मुलीला बरोबर घेऊन ती समुद्रमार्गे दक्षिण अमेरिकेतील सुरीनामला गेली. तेथील घनदाट अरण्यांतील कीटकांचा तिने दोन वर्षे अभ्यास केला. आजारपणामुळे १७०१ साली तिला परतावे लागले. पण जमवलेली चित्रे आणि टिपणे तिने वाया जाऊ दिली नाहीत. १७०५ साली अॅमस्टरडॅम येथे साठ चित्रांचा तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळी स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद होते. तरीही एका मुलीच्या जिज्ञासेने जगाच्या ज्ञानात केवढी भर घातली!

ज्या रेशमाच्या किड्यांपासून मेरियनने आरंभ केला, त्यांचे जीवनही असेच चार रूपांचे आहे. ते तुतीची पाने खातात आणि कोश होण्यापूर्वी स्वतःभोवती रेशमी धाग्याचा कोसला विणतात. हा धागा कित्येकशे मीटर लांब आणि अखंड असतो. विदर्भातील भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर ह्या भागांत ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर दुसऱ्या एका जातीच्या अळ्या वाढवतात आणि त्यांच्या कोसल्यांपासून टसर रेशीम काढतात. अळी केव्हा जन्मते, किती खाते, कोसला केव्हा विणते हे अचूक माहीत असल्यावाचून हा व्यवसाय चालू शकत नाही. उशीर झाला, तर पतंग कोसल्याला भोक पाडून बाहेर पडतो आणि अखंड धागा हाती लागत नाही.

रूपांतर हे केवळ कीटकांमध्येच होते असे नाही. पावसाळ्यात डबक्याकाठी रात्रभर ‘डराँव डराँव’ चालते. त्या गाण्यातून नर बेडूक मादीला साद घालत असतात. पुढे पाण्यात बुळबुळीत, पारदर्शक गोळे दिसतात. त्यांत काळ्या ठिपक्यांसारखी अंडी असतात. अंड्यांतून निघालेल्या पिलाला बेडूकमासा म्हणतात, आणि ते नाव त्याला शोभते. त्याला पाय नसतात, शेपटी असते. ते माशाप्रमाणे कल्ल्यांनी श्वास घेते आणि मुख्यतः शेवाळ खरवडून खाते. शेवाळ पचण्यासाठी त्याच्या पोटात घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले लांबलचक आतडे असते. काही आठवड्यांनी मागचे पाय दिसू लागतात, नंतर पुढचे पाय बाहेर येतात. फुप्फुसे तयार होतात, तोंड रुंद होते आणि आतडे आखूड होते. शेपटी गळून पडते असे अनेकांना वाटते, पण ते खरे नाही. ती हळूहळू शरीरातच जिरते. तिच्यातील द्रव्य नव्या शरीराच्या उपयोगी पडते. शेवाळ खाणारा जलचर कीटक खाणारा बेडूक होऊन जमिनीवर उडी मारतो.

हा बदल घडवून आणण्याची आज्ञा कोण देते? १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यासारख्या प्राण्यांच्या गळ्यातील अवटू ग्रंथीचे तुकडे त्याने बेडूकमाशांना खाऊ घातले. त्याबरोबर त्यांचे रूपांतर अकाली झाले आणि माशीएवढे चिमुकले बेडूक तयार झाले! पुढे असेही दिसून आले, की बेडूकमाशाची ही ग्रंथी काढून टाकली, तर तो आकाराने वाढत राहतो. पण बेडूक मात्र होत नाही. म्हणजे मोठे होणे आणि रूप पालटणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. योग्य वेळ झाल्याची वार्ता ही ग्रंथीच सर्व शरीराला देत असते. मनुष्याच्या गळ्यातही अशी ग्रंथी आहे आणि मुलांच्या वाढीसाठी तिचे काम नीट चालावे लागते.

जीवनचक्राचे ज्ञान हे मौजेपुरते नाही. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. हिवतापाने भारतात एके काळी दरवर्षी लक्षावधी माणसे मृत्यू पावत. तो दूषित हवेने होतो, असे पूर्वी मानले जाई. सैन्यात डॉक्टर असलेले रोनाल्ड रॉस सिकंदराबाद येथे डासांचा अभ्यास करीत होते. २० ऑगस्ट १८९७ ह्या दिवशी, हिवतापाच्या रोग्याला चावलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे जंतू आढळले. पुढल्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून, डासांच्या चावण्यातून हे जंतू कसे पसरतात हे त्यांनी दाखवले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शत्रू ओळखला, परंतु त्याला गाठायचे कोठे? उडणारा डास हाती लागणे कठीण. येथे त्याची चार रूपेच आपल्या मदतीला येतात. डासाची मादी साचलेल्या पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पाण्यात वळवळतात आणि श्वासासाठी पृष्ठभागावर येतात. मग स्वल्पविरामासारखा वाकडा कोश होतो. तो खात नाही. पण लिंबाळीच्या कोशासारखा निश्चलही नसतो. धक्का लागला, की तो पाण्यात कोलांट्या घेतो. शेवटी कोश फाटून डास उडून जातो. उष्ण हवेत ह्या सर्व प्रवासाला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा घरातील सर्व भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आरोग्य खाते सांगते. सात दिवसांच्या आत पाणी ओतून दिले, तर अळीचा डास होऊच शकत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरड्या जागीही ती कित्येक महिने तग धरतात. म्हणून अशी भांडी नुसती रिकामी करून भागत नाही. ती घासून पुसावी लागतात. विहिरीत, हौदात गप्पी मासे सोडतात, तेही अळ्या खाण्यासाठीच. ज्या जीवाचे जीवन चार टप्प्यांचे असते, त्याची साखळी कोणत्याही एका टप्प्यावर तोडता येते.

हीच गोष्ट उलट बाजूनेही तितकीच खरी आहे. जो जीव आपल्याला हवा असतो, त्याचीही साखळी कोणत्याही एका टप्प्यावर तुटू शकते. पूर्वी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या जात आणि त्यांसाठी बेडूक फार मोठ्या संख्येने मारले जात. पिकांवरील किडे खाणारा हा मित्र नाहीसा होऊ लागल्याचे ध्यानात आल्यावर १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. परंतु बेडूक मारला नाही, म्हणून तो वाचलाच असे नाही. डबकी बुजवली किंवा ओढ्यात विषारी पाणी सोडले, तर बेडूकमासे मरतात आणि किनाऱ्यावरचे रान कितीही हिरवे असले, तरी तेथे बेडूक दिसत नाहीत. रूप पालटणाऱ्या जीवाला दोन घरे लागतात. त्यांतील एक मोडले, तर दुसरे आपोआपच ओस पडते.

फुलपाखरांचेही तसेच आहे. २०१५ साली महाराष्ट्राने ‘नीलवंत’ ह्या मोठ्या, काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला. असा मान देणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. ह्या नीलवंताची अळीही लिंबाच्या कुळातील झाडांचीच पाने खाते. केवळ रंगीबेरंगी फुलझाडे लावून ही फुलपाखरे येत नाहीत. त्यांच्या अळ्यांसाठी काही पाने कुरतडू द्यावी लागतात. अर्थात, संत्र्याच्या रोपवाटिकेतील कोवळी कलमे अळ्यांनी फस्त केली, तर बागवानाची वर्षाची मेहनत बुडते. त्याने त्या अळ्या वेचून काढल्या, तर त्याला दोष देता येणार नाही. पण परसातल्या भरघोस लिंबाने दहा-वीस पाने दिली, म्हणून त्या झाडाचे काही बिघडत नाही. कोठे वेचावे आणि कोठे राहू द्यावे, हे ठरवण्यासाठी समोरच्या जीवाचे सगळे जीवन माहीत असावे लागते. ज्याला केवळ अळी दिसते, तो तिला चिरडतो. ज्याला केवळ फुलपाखरू दिसते, तो त्याच्यामागे धावतो. ज्याला दोन्ही एकच आहेत हे ठाऊक असते, तोच विचारपूर्वक वागू शकतो.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लिंबाळी अंडे घालण्यापूर्वी पान पायांनी का चाचपते?
(आ) लहान अळी आणि मोठी अळी शत्रूपासून आपले रक्षण कोणकोणत्या युक्त्यांनी करतात?
(इ) ‘कोश म्हणजे झोप नव्हे’ असे पाठात का म्हटले आहे?
(ई) रेडीने काही भांड्यांची तोंडे कापडाने का झाकली? सर्वच भांडी उघडी ठेवली असती, तर काय सिद्ध झाले नसते?

२. कारणे द्या.
(अ) नुकत्याच बाहेर आलेल्या फुलपाखराला हात लावू नये.
(आ) ‘कोरडा दिवस’ महिन्यातून एकदा नव्हे, तर आठवड्यातून एकदा पाळावा लागतो.
(इ) बेडूकमाशाचे आतडे लांब असते आणि बेडकाचे आखूड असते.

३. ‘रूप पालटणाऱ्या जीवाला दोन घरे लागतात.’ हे विधान बेडूक आणि फुलपाखरू ह्यांची उदाहरणे घेऊन आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : ढुंकूनही न पाहणे, थक्क होणे, तग धरणे, ओस पडणे, वाया जाणे.

५. मारिया मेरियनप्रमाणे एक निरीक्षण-वही करा. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या झाडावर अळी आढळल्यास तिला न हलवता रोज एकाच वेळी पाहा. तिची लांबी, रंग व कात टाकल्याचा दिवस लिहून ठेवा आणि प्रत्येक रूपाचे चित्र काढा. एखादे दिवशी अळी दिसेनाशी झाली, तर तेही लिहा. कारण प्रत्येक अळीचे फुलपाखरू होतेच असे नाही.